वाळूकोंबडीचा वाफा आणि पाकोळीचं पोर

मोडेस्टाआक्का माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी थोरली. तो जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ती अजून थोरल्या बहिणीच्या तोऱ्यातच माझ्या ओट्यावर चढते. तिच्याविषयी लिहायचं तर आधी तिच्या पायांविषयी लिहायला हवं. अंगानं बाई काटकुळी, पण पाय असे, की कुणा धिप्पाड माणसाचे मागून आणलेत आणि परत करायचे राहिलेत. चालली की वाळू मागं उडते. केस पुढून विरळ झालेत आणि मागं तेवढा एक तुरा उभा राहतो, कितीही खोबरेल चोपडा. आमच्या सावो बेटावर ज्यानं एकदा वाळूकोंबडी पाहिली, त्याला मोडेस्टाआक्का वेगळी दाखवावी लागत नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तीच म्हणते. "मी वाळूकोंबडी, तू पाकोळी," हे तिनं मला लग्नाच्या आठव्या दिवशी ऐकवलं. मला वाटलं, माहेरावरून टोमणा आहे. होताही. तिच्या कुळाकडं किनाऱ्यावरचं अंड्यांचं शेत. तिथं डोंगराच्या पोटातल्या आगीनं वाळू बारा महिने ऊन असते, आणि रानातल्या वाळूकोंबड्या अंडी पुरायला येतात. माझ्या कुळाकडं वरची रताळ्यांची जमीन आणि एक गुहा. गुहेत काय, तर पाकोळ्या. अंगठ्याएवढी वटवाघळं, वजनाला सुपारीइतकी. शिजवून खावं तर दाताच्या फटीत हरवतील. त्यामुळं वाळूवाल्यांनी गुहावाल्यांना हसायचं, ही इथली जुनी रीत.

पण आक्काची गोष्ट टोमण्यावर संपणारी नव्हती. तिच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती, एक वाळूकोंबडीची आणि एक पाकोळीची. आमचे पाद्री वाळूकोंबडी, कारण प्रवचन पुरतात आणि निघून जातात, पुढं त्याचं काय झालं बघायला येत नाहीत. शाळेतले मास्तर पाकोळी, कारण एकच धडा वर्षभर उराशी धरून घिरट्या घालतात. माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, जन्मला कोंबडीच्या घरात आणि मेला पाकोळीच्या जातीत, असं ती त्याच्या मातीच्या वेळी सर्वांसमोर बोलली. मी रडत होते, मला हसू आलं. तिला तेच हवं होतं की काय, देव जाणे.

आता दोघींमधला फरक मी सांगते, कारण चाळीस वर्षं आमचं भांडण त्यावरच चाललंय. वाळूकोंबडी पहाटे येते. पायानं उकरत उकरत खांद्याइतकी खोल जाते, नुसतं शेपूट वर दिसतं. तळाशी एक अंडं घालते, एवढ्याशा पाखराचं पण आपल्या गावठी कोंबडीच्या तिप्पट, आत सगळा बलकच. वाळू लोटून खड्डा भरते आणि रानात जाते ती जाते. पिल्लू अंड्यातून निघतं ते वाळूच्या खाली. लाथा मारत, उलथंपालथं होत वर येतं, अंग झटकतं, आणि त्याच दिवशी उडतं. आपली आई कोण, हे त्याला कधी कळत नाही आणि त्यानं त्याचं काही अडतही नाही.

पाकोळीचं उलट. तिला वर्षाला एकच पोर. ते उघडं, लाल, मिटल्या डोळ्यांचं, आईच्या छातीला दातांनी धरून लोंबकळतं, आणि आई त्याला घेऊन उडते. जड झालं की छताला टांगून जाते, पण परत आली की शेकडो पोरांच्या किलबिलाटात बरोबर आपलंच शोधते. मी लहानपणी गुहेच्या तोंडाशी बसून हे पाहिलंय. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

आक्काला पाच पोरं. थोरली आग्नेस सात वर्षांची झाली तशी तिला होडीत बसवून राजधानीला, होनियाराला, शाळेला धाडली. पोरगी मान वळवून वळवून बघत होती.

"आक्का, अगं हात तरी हलव," मी म्हटलं.

"हात हलवला तर ती परत यायचं ठरवील," ती म्हणाली, आणि सुपारी फोडायला बसली.

पाचही अशीच गेली. आग्नेस गिझोला नर्स आहे, एक जहाजावर, एक पोलिसात, दोघं लांब न्यूझीलंडला सफरचंदं तोडतात. एकानंही कधी आईकडं कुरकुर केली नाही, आणि आईनं कधी कुणाला ये म्हटलं नाही. लोक म्हणत, मोडेस्टाची पोरं काय वर आली बघा. ती म्हणे, "मी कुठं आणली, तीच लाथा मारत आली."

मला एकच, कास्पर. आता चाळीस पूर्ण. त्यालाही होनियाराला शाळेत घातला होता. तिसऱ्या दिवशी त्याच होडीतून परत आला. होडीवाला म्हणाला, "बाई, ह्याच्या रडण्यानं होडीत पाणी चढलं, मला उपसावं लागलं." मी पोराला पोटाशी धरला तो धरलाच. त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. स्वभावानं गरीब, गातो चांगला, चर्चचं छप्पर तोच शाकारतो. दुपारी मात्र त्याला रताळं सोलून लागतं. सालीसकट खाल्लं की घशात अडकतं त्याच्या.

"चाळीस वर्षांचा घोडा," आक्का म्हणे. "इर्मिना, तू मेल्यावर ह्याला रताळं कोण सोलणार?"

"सोललेली ठेवून मरेन," मी म्हणे.

असं आमचं चाललं होतं. मग त्या ऑगस्टात आक्का पडली.

तापल्या वाळूत खड्ड्यामध्ये उलटं लोंबकळून पन्नास वर्षं अंडी काढणारी बाई, पडली ती चर्चच्या तीन पायऱ्यांवरून. तेही टायटसला कोपरानं बाजूला सारताना. टायटस तिच्याच कुळातला, शेतात त्याचा वाफा तिच्या वाफ्याला लागून. दोघांमधलं काठ्यांचं कुंपण तो दर वर्षी बोटभर सरकवतो, असं आक्का तीस वर्षं सांगत होती आणि कुणी मनावर घेत नव्हतं, कारण आक्का पुष्कळच गोष्टी सांगते. होनियाराला नेलं, प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही आणि वाळूत तर वर्षभर उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इथं आमची एक रीत सांगायला हवी. सप्टेंबरच्या शेवटाला सेंट मायकेलचा सण येतो. त्या दिवशी गावच्या दगडी भट्टीत कसाव्याच्या कंदाचं मोठं पुडिंग लावतात आणि त्यात शेतातल्या प्रत्येक वाफ्याचं एक अंडं पडावं लागतं. वाफ्याच्या धनिणीनं काढलेलं, नाहीतर तिच्या पोराबाळांनी. शेजाऱ्यानं काढून दिलेलं चालत नाही. ज्या वाफ्याचं अंडं आलं नाही तो वाफा बेवारस. कुळाचे प्रमुख तो दुसऱ्याच्या हवाली करतात. वाळू मेहनतीची आहे, नुसती नावावर ठेवायची नाही, असा त्यातला अर्थ.

आमच्याकडं कूळ आणि जमीन आईकडून पोरांना जाते. आक्काचा वाफा तिच्या आजीचा, मग आईचा. आणि पोरं पाच समुद्रांवर.

टायटस रोज तब्येत विचारायला येऊ लागला. हातात पपई.

"फार दुखतंय का गं मोडेस्टा?"

"तुला पाहिजे तेवढं नाही."

"सणाचं काय करणारेस मग?"

"नाचणार आहे. पपई ठेव आणि जा."

तो गेला की ती पपई मला देई. मी खात असे. पपईचा काय दोष.

मी कास्परला घेऊन टेकडीवरच्या ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे विलायती फणसाच्या झाडाखाली गेले. गावात फोनला रेंज तेवढीच. एकेकाला लावला. जहाजावरचा तैवानच्या वाटेवर, पोलिसातल्याला रजा नाही, सफरचंदवाल्यांचा करार. सगळे म्हणाले, नाताळला येतो. शेवटी आग्नेस मिळाली.

"मामी, आईनं बोलावलंय का?"

"नाही गं. मीच करतेय फोन."

"मग मी आले तर ती मला होडीतूनच परत लावील. तू ओळखतेस ना तिला."

"ओळखते. म्हणून तर तिला न विचारता करतेय."

"तिला एकदा म्हणू दे, आग्नेस ये. पोहत येईन," ती म्हणाली. मग रेंज गेली.

आक्काला हे कळलंच. आमच्या गावात ब्रेडफ्रूटखाली बोललेलं चुलीपर्यंत पोचतं.

"कोंबडी परत जाऊन वाळू उकरते का गं, बाळा बाहेर ये म्हणून?"

"कोंबडीचा पाय मोडत नाही, आक्का."

"मोडतो. मग ती मरते. बोंबा मारत नाही."

"एकदा बोलाव. जीभ झडेल का तुझी?"

हातात पान, चुना, सुपारी सगळं होतं. पण तोंडात घालायचं ती विसरली होती. ओट्यावर बसून शेताकडं बघत होती. चाळीस वर्षांत मी त्या बाईच्या हातात सुपारी अशी थांबलेली पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी प्रमुख अम्ब्रोस आले. सगळ्या कुळाचे म्होरके, पण आक्कासमोर टोपी काढून बसतात, कारण लहानपणी तिनं त्यांना बुडताना केसांनी ओढून काढलं होतं.

"मोडेस्टा, एक वाट आहे," ते म्हणाले. "मूल घे. रीतसर मांडीवर घेतलेलं मूल म्हणजे पोटचंच."

"या वयात मांडी कुठं राहिलीय," ती म्हणाली. पण मान वळली. मी तिच्या नजरेच्या वाटेनं पाहिलं, तर वाटेच्या टोकाला माझा कास्पर. आंब्याखाली बसून तिसरं रताळं खात होता. मीच सोललेलं.

"नाही," मी म्हटलं.

"मी काही बोलले का?"

"तू बघितलंस."

"बघायलाही पाकोळीची परवानगी?"

"आक्का, तुझी पाच तू वाऱ्यावर सोडलीस. माझं एक आहे, त्यावर डोळा? मूल घेतलं म्हणजे त्याचं कूळ बदलतं. उद्यापासून तो वाळूवाला. माझ्या गुहेला कोण?"

"गुहेत काय पुरून ठेवलंय? शेण?"

"शेण तर शेण. माझ्या आईच्या गुहेतलं आहे."

अम्ब्रोस टोपी घालून हळूच निघाले. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत भांडलो, मग एकमेकींशी बोलणं टाकलं. ते तीन दिवस टिकलं. म्हणजे मी तिला जेवण नेऊन देत होते आणि ती जेवत होती, पण बोलत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी कास्पर म्हणाला, "आई, मला जाऊ दे."

"कुठं?"

"आत्याच्या मांडीवर."

"तुला काय ठाऊक तिकडं काय असतं ते. भाजून निघशील. रताळं सोलायची नाही ती."

त्यानं खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "आई, चाळीस वर्षांत मला कुणी मागितलं नव्हतं," म्हणाला.

मी घरात जाऊन नवी चटई काढली.

विधी छोटाच असतो. चटईवर आक्का बसली, प्लास्टरचा पाय पुढं ताठ. गाव भोवती. मी कास्परचा उजवा हात धरून तिच्या हातात द्यायचा, तिनं उकडलेल्या अंड्याचा बलक त्याच्या तोंडात घालायचा, एवढंच. मी हात दिला. पण माझा सुटला नाही. अम्ब्रोस खाकरले. मी सोडला आणि परत धरला. पोरी हसायला लागल्या.

"इर्मिना," आक्का हळूच म्हणाली, "दातांनी धरलायस का?"

मग सुटला.

कास्परनं बलक गिळला आणि विचारलं, "आता काय म्हणू तुला? आई?"

मी आक्काकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आत्याच म्हण," ती म्हणाली. "नाहीतर ही माझा दुसराही पाय मोडेल."

दुसऱ्या दिवसापासून शिक्षण सुरू झालं. शेताच्या कडेला उचलून आणलेली आक्का स्टुलावर, हातात काठी. तिनं काठीनं जमिनीवर रेघ मारली. "पाकोळीनं इकडं यायचं नाही."

पहिल्या दिवशी कास्पर उत्साहानं उजाडण्याआधीच वाफ्यात जाऊन बसला, चहाची किटली घेऊन. अहो, ती वेळ कोंबड्यांची. चर्चची घंटा होईपर्यंत शेतात माणसानं पाऊल टाकायचं नाही, हे इथं रांगत्या मुलाला ठाऊक असतं. कोंबड्या कोकलत रानात पळाल्या आणि सगळ्या शेतवाल्या बायकांनी मिळून त्याचा जो उद्धार केला, तो मी चर्चच्या अंगणात ऐकला. दुसऱ्या दिवशी तो छत्री घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी उशी. खड्ड्यात उलटं झालं की पोट कडेला अडायचं आणि पाय हवेत.

"हात काय सांगतो?" आक्का विचारी.

"भाजतंय सांगतो."

"ते सगळ्यांच्याच हाताला कळतं. वाळू काय सांगते? बसलेली आहे का भुसभुशीत? जिथं भुसभुशीत, तिथं कोंबडी गेली. तिच्या मागं जा. सरळ नाही जायचं, ती तिरकी उकरते. तुझ्यासारखी आळशी नाही ती, पण वाकडी आहे."

रेघेच्या अलीकडं मी उभी. त्याचा हात भाजला की मी माझ्याच हातावर फुंकर घालायची.

सगळ्यात जास्त शिव्या त्यानं खड्डे न बुजवल्याबद्दल खाल्ल्या. अंडं मिळो न मिळो, निघताना खड्डा भरून वाळू सपाट झाडून ठेवायची, नाहीतर कोंबडी त्या वाफ्यात परत येत नाही. कास्पर रोज विसरे. घरी येऊन पाय धुतले की आक्काच्या ओट्यावरून काठी वाजे. "चल परत."

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. अंडं नाही. टायटस कुंपणापलीकडून एकामागून एक अंडी काढत होता आणि काढलं की उन्हाकडं धरून मोठ्यानं म्हणायचा, "केवढं मोठं हे." आक्का रात्रीची झोपेनाशी झाली. हे तिनं सांगितलं नाही, तिच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांनी सांगितलं. मी एकदा म्हटलं, "आग्नेसला बोलवायला अजून वेळ आहे." ती म्हणाली, "पोरगा शिकतोय. मध्ये बोलू नको." माझ्या पोराला ती पहिल्यांदा घोडा न म्हणता पोरगा म्हणाली.

सणाच्या आदल्या दिवशी मी चुलीशी होते. वाटेवर धप धप आवाज आला. बघते तर कास्पर पळत येतोय, अंगभर वाळू, एका हातात अंडं आणि डोक्यावर ऊन लागू नये म्हणून हा भला थोरला शिंपला, परातीएवढा. शेतातून आधी आक्काकडं जायचं तर हा सवयीनं माझ्याकडं आला.

"आई, मिळालं. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा मिळालं."

अंडं अजून कोमट होतं. मी ते गालाला लावलं.

"आणि हे तुला," शिंपला पुढं करून तो म्हणाला. "अंड्याला टेकूनच होता. रताळी ठेवायला बरा."

मी शिंपला घासला, धुतला आणि त्यात सोललेली रताळी मांडली. छान दिसत होती. मग आम्ही दोघं अंडं घेऊन आक्काकडं गेलो. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, कानाशी हलवलं आणि "लहान आहे," म्हणाली. मग तिनं तीन पानं लावली, एक मला, एक कास्परला.

सणाच्या दिवशी भट्टीचे दगड लाल झाले होते. केळीच्या पानावर एकेक धनीण येऊन अंडं ठेवत होती. कास्परनं नवा शर्ट घातला होता. तो वाकणार, एवढ्यात टायटस पुढं आला.

"प्रमुख, ते अंडं माझ्या वाफ्यातलं आहे. काल मी बघत होतो. खड्ड्याचं तोंड मोडेस्टाच्या वाफ्यात, पण ह्याचा हात कुंपणाखालून माझ्याकडं आला होता. अंडं जिथं असतं त्या वाफ्याचं. रीत आहे."

रीत आहेच. अम्ब्रोसनी कास्परकडं पाहिलं. "खरं का रे?"

माझ्या पोराला खोटं बोलता येत नाही. हा दोष माझा. "तिरकं होतं," तो म्हणाला. "कुंपणाखालून होतं."

आक्काचं तोंड राखेसारखं झालं. टायटसनं अंड्याकडं हात नेला.

"थांब," आक्का म्हणाली. "कास्पर, हात कुठं जाऊन अडला?"

"शिंपल्याला. अंडं त्याच्या अलीकडं होतं."

"कसला शिंपला?"

"मोठा. पालथा पुरलेला. आईकडं आहे, रताळी आहेत त्यात."

आक्कानं डोळे मिटले आणि उघडले. "अम्ब्रोस, माझ्या आजीनं वाफ्याच्या चार कोपऱ्यांना चार शिंपले पालथे पुरले होते. वीस वेळा सांगितलं मी तुम्हा सगळ्यांना. कुंपणाखाली खणायला बंदी, म्हणून कुणी पाहिलं नाही. हा त्यातला एक. कुंपण सरकलंय. शिंपल्याच्या अलीकडचं सगळं माझं."

"शिंपल्याला काय," टायटस म्हणाला, "समुद्र भरलाय त्यांनी. कुठूनही आणावा आणि आजीचा म्हणावा. जमिनीत असता तर गोष्ट वेगळी."

आणि त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. आजवर सीमेचे दगड लोकांनी चोरलेत, सरकवलेत, समुद्रात टाकलेत. पण सीमा उपटून आईला रताळ्याची परात म्हणून आणून देणारा या बेटावर माझाच पहिला. मला भट्टीत उडी घ्यावीशी वाटली.

आक्कानं काठी उचलली. आवाज एकदम खाली आणला. तिचा हा आवाज आला की गावातली कुत्रीसुद्धा उठून जातात. "कास्पर. निघताना खड्डा बुजवलास?"

त्यानं मान खाली घातली. "नाही, आत्या."

"नाही?"

"विसरलो. आईला अंडं दाखवायचं होतं."

काठी वर गेली होती. ती तशीच राहिली. आणि मग आक्का हसली. पुढचे दोन दात नसलेलं तिचं हसू मी एवढं रुंद कधी पाहिलं नव्हतं.

"अम्ब्रोस, टोपी घाल. चला सगळे. कुणी वाळूला हात लावायचा नाही. इर्मिना, शिंपला आण."

मी धावले. रताळी ओच्यात ओतली आणि शिंपला घेऊन शेतात गेले. सगळं गाव कुंपणाशी. चौघांनी आक्काला खुर्चीसकट उचलून आणलेलं. पहाटे कोंबड्या येऊन गेल्याच्या खुणा सगळीकडं होत्या, पण कास्परच्या त्या गलथान खड्ड्याकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नव्हतं. अम्ब्रोस सणाच्या कपड्यांनिशी पोटावर आडवे झाले आणि डोकं खड्ड्यात घातलं. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"ओली वाळू आहे," आतून आवाज आला. "घट्ट. ठसा आहे. शिंपल्याच्या पाठीवर असतात तसे दांडे दांडे उमटलेत. द्या तो शिंपला."

मी दिला. त्यांनी हात काखेपर्यंत आत घातला, चाचपडलं, फिरवलं. मग "हां," म्हणाले. डोक्यावर आपली टोपी बसावी तसा शिंपला जागेवर बसला होता. टायटसच्या कुंपणाच्या आत, चांगला हातभर.

अम्ब्रोस उठले, दाढीतली वाळू झटकली. "टायटस?"

"वाऱ्यानं कुंपण सरकतं," टायटस म्हणाला.

"वारा बरा तीस वर्षं एकाच बाजूनं वाहतोय," अम्ब्रोस म्हणाले.

मग जो हशा झाला, तो टायटसची बायको सर्वांत मोठ्यानं हसली म्हणून विशेष. पुडिंग लावायच्या आधी टायटसनं स्वतःच्या हातानं काठ्या उपटल्या आणि हातभर मागं रोवल्या. कास्परनं त्याला मदत केली, सांगितलं नसताना. त्यानंतर त्यानं पानावर अंडं ठेवलं. बाकीच्या अंड्यांत ते खरंच लहान होतं. टायटस पुडिंग तीन वेळा मागून जेवला, ते मात्र कुणी मोजू नये.

याला आता पाच महिने झाले. नाताळला आग्नेस आली, बोलावणं नसताना. आठ दिवस राहिली. निघाली तेव्हा आक्का किनाऱ्यावर उभी होती. हात हलवला नाही, पण काठी थोडी वर झाली. मी म्हटलं, "काय गं, हात हलवलास?" "माशी होती," ती म्हणाली.

कास्परनं शेताच्या कडेला झोपडी घातली. आक्कानंच घालायला लावली. "पुरलाय, आता येईल लाथा मारत," असं ती मला म्हणाली. तो रोज खणतो. खड्डे बुजवतो. पोट थोडं उतरलंय. दुपारी तो माझ्याकडं येत नाही. बायका सांगतात, सालीसकट रताळं खातो, आणि घशात अडकत नाही. मी विश्वास ठेवला नाही. जाऊन कुंपणाआडून पाहिलं. खरंच खात होता.

तरी मी दुपारी तीन रताळी सोलते. हाताला सवय. पहिले काही दिवस ती तशीच राहिली, डुकराला घातली. मग एक दिवस ओट्यावर काठी वाजली. आक्का चढून आली, दुखरा पाय पुढं पसरून बसली आणि रताळ्याकडं हनुवटी केली.

"हे कुणाचं?"

"कुणाचं नाही."

तिनं उचललं. जन्मात कुणाच्या हातचं सोललेलं न खाल्लेली बाई, खाऊ लागली. मी दुसरं पुढं सरकवलं, तेही खाल्लं. आता रोज येते. काल तिसरं खाताना म्हणाली, "पाकोळे, मीठ कमी आहे. आणि ही इथं साल राहिलीय बघ."